गांडुळांची नीट मांडणी

नीटनेटकेपणापायी एखाद्याचं वाटोळं झालेलं तुम्ही पाहिलं नसेल. आम्ही पाहिलंय. आमच्या लिंडन स्प्रेबेरीनं एका बुधवारी संध्याकाळी, बायको चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलेली असताना, फक्त एवढंच ठरवलं की सासऱ्याचं मासेमारीचं सामान जरा लावून ठेवू. बस्स. दारू नाही, जुगार नाही, काही नाही. सामान लावून ठेवू.

लिंडनचं गावात औषधांचं दुकान आहे. कुठली गोळी कुठल्या गोळीबरोबर घ्यायची नाही, हे आख्ख्या गावाला सांगत बसणं हा त्याचा धंदा. दुकानात हजार खण आणि प्रत्येकावर लेबल. दुकानातली ही सवय घरात शिरली आणि मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर', बंद पडलेल्या घड्याळावर 'बंद' अशी चिकटपट्टी आली. (घड्याळ दुरुस्त करायचं मात्र अजून राहिलंय.) त्याची बायको रेलीन म्हणायची, "एक दिवस सकाळी उठेन तर माझ्या कपाळावर 'बायको' असं लिहिलेलं असेल."

तर ही रेलीन म्हणजे हॉइट कलपेपर यांची एकुलती एक लेक. हॉइट म्हणजे आयुष्यभर काउंटीच्या रस्त्यांवर माती सपाट करायचा ग्रेडर चालवलेला माणूस, खांदे दाराएवढे आणि बोलणं दमडीएवढं. रविवारी चर्च सुटलं की जेवायला लेकीकडे यायचे, आणि इतक्या वर्षांत जावयाशी त्यांचं झालेलं संभाषण एवढंच की 'ग्रेव्ही सरकव' आणि 'तुझी गाडी काढ, माझी अडकलीय'. नावानं हाक तर कधीच नाही. लिंडन त्यांना 'सर' म्हणायचा, फारच धीर आला तर 'मिस्टर हॉइट'. त्याला त्याचं फार लागायचं. एकदा दुकान बंद करता करता तो रेलीनला म्हणाला होता, "तुझ्या वडिलांच्या घरात मी अजून पाहुणाच आहे गं." रेलीननं काही समजूत घातली नाही, कारण ते खरंच होतं.

हॉइट मन मोकळं करायचे ते एकाच विषयावर. आमच्या तलावातला बास मासा. मग लिंडननंही त्या वसंतात गुपचूप मासेमारी सुरू केली. पण सामान घ्यायचं म्हणजे सोपं आहे का? दुकानातल्या माणसानं विचारलं, काठीचं टोक लवचीक हवं की ताठ? रीळ वेगाचं की ताकदीचं? गळाची दोरी, म्हणजे तंगूस, दिसणारा की पाण्यात न दिसणारा? आता दिवसभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणायची लाज वाटते. लिंडन प्रत्येक प्रश्नाला "दोन्ही" म्हणत गेला. घरी आला तेव्हा गाडीच्या खिडकीतून काठ्या बाहेर आल्या होत्या आणि मांडीवर बास पकडायच्या रबरी गांडुळांच्या पिशव्यांचा ढीग होता. त्यात एक नव्या जातीचं गांडूळ होतं. ओढलं तर हातभर ताणतं आणि तुटत नाही, म्हणून दुकानदारानं गळ्यात मारलेलं.

त्यातलं ते रीळ म्हणजे तर वैताग. गळ फेकताना अंगठ्यानं फिरकी बरोबर त्या क्षणाला दाबावी लागते. नाहीतर गळ हवेत थांबतो, फिरकी फिरतच राहते आणि तंगुसाचा असा गुंता होतो की देवानंच सोडवावा. लिंडन परसात बादलीवर नेम धरून सराव करायचा. बादलीत गळ एकदाही पडला नाही, पण शेजारणीच्या वाळत घातलेल्या झग्यात दोनदा पडला. रेलीन नखं कापायची कात्री घेऊन पायरीवर बसायची आणि गुंते कापून द्यायची. हसायची नाही बिचारी. निदान तोंड फिरवून हसायची.

आणि मग जूनमध्ये चमत्कार झाला. चर्चची वार्षिक बास स्पर्धा आठवड्यावर आली आणि हॉइटचा कायमचा जोडीदार व्हर्जिल शिडीवरून पडून गुडघा मोडून बसला. एका होडीत दोन माणसं हा नियम. रविवारी हॅमचा तुकडा तोंडात असतानाच हॉइट ताटाकडे बघत म्हणाले, "शनिवारी मागच्या खुर्चीवर बसशील? जमेल?"

"जमेल, सर," लिंडन म्हणाला. त्याला जमणार नव्हतं हे घरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण त्या रात्री तो असा काही झोपला की रेलीन म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा घोरला.

आता आमच्याकडची रीत अशी, की मागच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं सामान आधी घरी न्यायचं, गळांना धार लावायची आणि रिळांवर नवा तंगूस भरायचा. सोमवारी हॉइट येऊन एक सुताराची बादली गॅरेजात ठेवून गेले. "गळांना धार लाव," एवढंच बोलले. लिंडनला मात्र एखाद्यानं घराच्या किल्ल्या हातात दिल्यासारखं वाटलं.

बादलीत हॉइटची सगळी इस्टेट होती. पावाच्या जुन्या पिशव्यांतून, शेंगदाण्याच्या लोण्याच्या बाटल्यांतून, कुठं नुसतीच रबर लावून बांधलेली गांडुळं. त्यातच ती जांभळी, शेपटीशी हिरवट झाक असलेली. ती नदीपलीकडचा एक म्हातारा आपल्या शेडमध्ये साच्यात ओतून बनवायचा. म्हातारा गेला, साचे कुणी भंगारात घातले, आणि आता जगात तसली गांडुळं उरली होती ती त्या एका बादलीत. हॉइट ती वर्षातून एकदाच, स्पर्धेला काढायचे.

बुधवारी लिंडननं गळांना धार लावली. छान लावली. तिथंच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्याला तो पसारा बघवेना. इतका मोठा माणूस आणि गांडुळं पावाच्या पिशवीत! त्याच्या मनात आलं, आपल्याला मासा पकडता येत नाही, गप्पा मारता येत नाहीत, पण मांडणी तर येते? शनिवारी पहाटे हॉइट झाकण उघडतील आणि सगळं रंगवार, लांबीवार, लेबलांसकट. कदाचित म्हणतील, वा, लिंडन.

ह्या 'वा, लिंडन'साठी त्यानं दुकानातून पारदर्शक खणांचा मोठा डबा आणला. पिशव्या फाडल्या, बाटल्या रिकाम्या केल्या, सगळी वेष्टनं बांधून कचऱ्यात टाकली आणि गांडुळं रंगाप्रमाणे निजवली. काळ्यांशेजारी काळी, कलिंगडीशेजारी कलिंगडी. मधे खण रिकामे दिसू लागले तसं आपली ती नवी ताणणारी गांडुळंही त्यात प्रेमानं भरली, प्रत्येक खणात थोडी थोडी. जांभळ्यांच्या खणात जरा जास्तच, आपल्याकडून भेट म्हणून. मग लेबलं. मग डबा गॅरेजच्या पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवून त्याच्यावर स्वच्छ टॉवेल पांघरला आणि रेलीनलाही दाखवला नाही. तिलाही शनिवारीच कळू दे म्हणाला.

आमच्याकडचा जून तुम्हाला काय सांगायचा. गॅरेजमध्ये उभ्याउभ्या माणूस शिजतो.

शुक्रवारी संध्याकाळी हॉइट मागं होडी जोडूनच आले. लिंडनला शनिवारपर्यंत धीर निघेना. टेबलाशी उभं राहून त्यानं जादूगारासारखा टॉवेल उचलला. आधी वास आला. गांडुळांना बडीशेपेचा वास लावलेला असतो, तो आख्ख्या गॅरेजभर दरवळला. मग दिसलं. लेबलं सगळी सरळ रेषेत होती. 'जांभळी, लांब'. 'जांभळी, आखूड'. आणि खालच्या खणांत सूप होतं. वरून गार होऊन साय धरलेलं, खालून डब्याचं बूड खाऊन टेबलाला चिकटलेलं, आणि सगळ्या खणांच्या भिंती विरघळून सगळे रंग एकमेकांत गेलेले. कुठं एखादी शेपटी वर आलेली दिसत होती, तेवढीच.

हॉइटनी खिशातून चाकू काढला आणि त्या साईला टोचून पाहिलं. आत कुणी जिवंत आहे का बघावं तसं. तेवढ्यात रेलीन आली, तिनं पाहिलं आणि ती मटकन खोक्यावर बसली.

"ताणणारी दुसऱ्यांत मिसळलीस?" ती म्हणाली. "अरे, ती दुसऱ्यांना लागली की दोन्ही वितळतात. इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. पिशवीवर लिहिलेलं असतं, दुसऱ्या कशात ठेवू नका म्हणून. तू वाचलं नाहीस?"

"पिशव्या मी टाकून दिल्या," लिंडन म्हणाला.

हा माणूस खोकल्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर लोकांना मोठ्यानं वाचून दाखवतो. वाचलं नाही म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांना झापतो. त्याला त्या क्षणी वाटलं, आपल्यालाही कुणीतरी झापावं, हवं तर चार लोकांत झापावं. पण हॉइट फक्त म्हणाले, "धार लाव म्हटलं होतं." मग चाकू पुसला आणि लेकीकडे वळले. "रेलीन, उद्या काय करतेस?"

रेलीननं नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं असं तिच्या मनात होतं, हे लिंडनला स्पष्ट दिसलं. पण तिच्या डोळ्यांत आणखी एक काहीतरी होतं, लहानपणी बापाच्या होडीत मागं बसणाऱ्या पोरीचं, आणि तेही त्याला दिसलं. "तूच जा," तोच म्हणाला. हॉइटनी टेबलाची फळी ठोकून तो गोळा सुटा केला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि छातीशी धरून घेऊन गेले. प्रेतही इतक्या हळू कुणी नेत नाही.

शनिवारी लिंडन धक्क्यावर उभा राहिला. हातात सँडविचची टोपली. येणारा जाणारा विचारतोय, काय लिंडन, आज होडीत नाहीस? पाठ दुखतेय, असं तो सांगायचा. (निम्म्या लोकांनी लगेच त्यालाच पाठदुखीवर औषध विचारलं.) दुपारपर्यंत तो इतका खचला, की सँडविचं त्यानं एकेक करून स्वतःच खाल्ली.

मग होड्या आल्या आणि हॉइटची होडी शेवटी आली. रेलीननं पाण्यातून पिशवी वर काढली ती दोन्ही हातांनी. वजनकाट्यावर टाकली तेव्हा गलका झाला. एवढे बास चर्चच्या स्पर्धेत कुणी आणले नव्हते. सकाळपासून काही लागत नव्हतं, ती धापा टाकत सांगू लागली. डॅडीनं हे फेकलं, ते फेकलं. शेवटी चिडून, नुसता राग काढायला म्हणून, त्यांनी त्या गोळ्यातून चाकूनं एक पट्टी कापली आणि गळाला लावली. पट्टी पाण्यात पडली न पडली तोच बासनं झडप घातली. पुन्हा कापली, पुन्हा झडप. दुपारपर्यंत सगळा गोळा संपला. काय रंग होता तो, ती म्हणाली, कुणाला नाव नाही सांगता येणार.

टाळ्या चालू असतानाच हॉइट गर्दीतून सरळ लिंडनकडे आले. लोक बाजूला झाले. लिंडननं टोपली खाली ठेवली, शर्ट सारखा केला. आता बोलतील, पुढच्या वेळी मागची खुर्ची तुझी म्हणतील, असं त्याला वाटलं.

"तसलं पुन्हा जमेल?" हॉइटनी विचारलं.

"जमेल, सर."

काय म्हणावं ह्या माणसाला? कुठल्या खणात काय किती होतं, ऊन किती लागलं, सूप कधी झालं, ह्यातलं एक अक्षर त्याला माहीत नव्हतं. आता हॉइट बादल्या भरभरून गांडुळं आणून टाकतात. व्हर्जिलनं गुडघ्याचं निमित्त करून स्वतःची सगळी इस्टेट पाठवली. लिंडन रोज मिसळतो. कधी पाणी होतं, कधी नुसता डबाच वितळतो आणि गांडुळं टवटवीत राहतात. गॅरेजात बडीशेपेच्या वासानं मुंग्यांची रांग लागते. गाडी बाहेर उन्हात. शनिवारी पहाटे रेलीन टोपी घालून बापाबरोबर निघते, येताना तिचा चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल झालेला असतो, आणि लिंडनला तिचा राग करायलाही जमत नाही. मासेमारीच्या त्याच्या काठ्या आता टोमॅटोच्या वेलांना आधार देतात.

पण एक गोष्ट मात्र झाली. हॉइट आता रोज संध्याकाळी फोन करतात. जावयाला. स्वतः. लिंडन त्या फोनची दिवसभर वाट बघतो. परवा तर त्यानं दुकानात उभ्याउभ्या एक वाक्य पाठ केलं, औषधाच्या पुडक्यांमागं तोंड लपवून दहादा म्हणून बघितलं. सात वाजता फोन वाजला, त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"वितळलं?" हॉइटनी विचारलं.

"अजून नाही, सर. पण मिस्टर हॉइट, मी म्हणत होतो, येत्या शनिवारी होडीत जागा असली, तर मी आपला मधे कुठंतरी बसेन, कशाला हातसुद्धा लावणार नाही."

लिंडननं फोन कानाशी घट्ट दाबला.

"रेलीनकडे दे," हॉइट म्हणाले.