कागदाला विचारू

द्राक्षांच्या हंगामात द्राक्षं न खाणारा एकच माणूस आमच्या विश्रामबागेत आहे. शेजारचे वसंतराव. घर तासगावच्या बागायतदारांचं, पण गावाकडून आलेली पेटी दरवर्षी परस्पर आमच्याकडे येते.

कारण व्यवसायाचं आहे. वसंतराव लॅबमध्ये जंतू ओळखतात. जखम चिघळवणाऱ्या स्यूडोमोनास नावाच्या हट्टी जंतूला पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास येतो. "दिवसभर पू हुंगायचा आन् घरी येऊन त्योच वास खायचा व्हय?"

तरी नुसत्या वासावर ते नाव घेत नाहीत. बशीत वाढवलेला जंतू औषध लावलेल्या कागदावर घासतात. कागद जांभळा झाला तर संशय टिकतो. नाही झाला तर जंतू दुसरा. "कागदाला विचारू" हे उत्तर त्यांनी आमटी आंबली का इथपासून भाचीच्या स्थळापर्यंत सगळ्याला दिलेलं आहे.

यंदा त्यांचे थोरले भाऊ अण्णा पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन आले. त्यात मधुमेह. तोच हट्टी जंतू निघाला तर अंगठा वाचणं अवघड, असं सर्जननी सांगितलं होतं. अण्णांना लॅबवर मीच घेऊन गेलो. ड्रेसिंग काढलं तेव्हा खोलीभर गोड वास होता. वसंतरावांनी जखमेवर बोळा फिरवून नमुना घेतला.

"नाव सांग की, वशा."

"उद्या. कागदाला विचारू."

"लहानपणापास्नं असलाच हाय ह्यो," अण्णा मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. वसंतरावांनी आधी लॅबमधला ओळखीचा स्यूडोमोनास घासला. कागद लगेच जांभळा झाला. मग अण्णांचा. कागद पांढराच. त्यांनी औषधाची नवी कुपी फोडली. पांढराच. तिसऱ्यांदा घासला. पांढराच.

"त्यो न्हवं," वसंतराव म्हणाले आणि खाली बसले.

"मग काल वास कसला होता?" मी विचारलं.

अण्णांनी बाकाखालून पिशवी ओढली. "काल हितंच इसरली. तुज्यासाठी घड आणलं हुतं. तू खात न्हाईस ते मागनं आठवलं, मग बोललो न्हाई."

"आवं अण्णा, लॅबमधी खायचं आणत्यात व्हय?" वसंतराव कडाडले. पिशवी घेऊन बाहेर गेले.

आम्ही बाहेर आलो तर ते पायरीवर घड धूत होते. अण्णा शेजारी टेकले. वसंतरावांनी त्यांचा बांधलेला पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि एक द्राक्ष तोंडात टाकलं.

"आंबट हाईत," ते म्हणाले.

ती पिशवी मात्र आमच्याकडे आली नाही.