होडीची विहीर

लाकडी होडी पाण्यात बुडून जितकी मरत नाही तितकी पाण्यावाचून मरते, याविषयी जाणकारांत मतभेद नाही. लाकूड सुकले की आकसते, फळ्यांमध्ये चिरा पडतात आणि होडी कोरड्या जमिनीवर उभ्या उभ्या कामातून जाते. म्हणून समुद्रापासून लांब ठेवलेल्या होडीत पाणी भरून ठेवावे लागते. (इतरत्र होडी पाण्यात असते, खापरमाळला पाणी होडीत होते. फरक किरकोळ आहे.)

पुढची हकीकत कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. ज्याला जिथे खोटे वाटेल त्याने तिथेच हात वर करावा. चावडीपुढे ही हकीकत सांगायला घेतली तेव्हा गजराबाई नदीवर निघाली होती. रिकामी घागर कमरेवर घेऊन तीही थांबली. म्हणाली, "सांग आबा. खोटं वनं का मी बोलसू."

तर खापरमाळ हे तळोद्याच्या वरच्या अंगाचे, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. त्या भागाला एकदा कोकणातून बदलून आलेले प्रांतसाहेब लाभले. साहेबांना शिडाच्या होडीचा नाद. त्यांनी नकाशा पाहिला. नकाशात तापी निळी होती. होडी आगगाडीने नंदुरबारला आली आणि पुढे आठ बैलजोड्यांनी ओढली. डोलकाठी अडत होती म्हणून वाटेतली एकशे सात झाडे तोडण्यात आली. (डोलकाठी उतरवून ठेवण्याविषयी लेखी सूचना नव्हती.) होडी पोचली तेव्हा उन्हाळा लागला होता आणि तापीत बगळ्याचे गुडघे बुडत नव्हते. पुढच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. होडी 'पुढील हुकूम होईपर्यंत' खापरमाळच्या चावडीमागे ठेवण्यात आली आणि गावचा जागल्या धुडकू याला तिचा रखवालदार नेमण्यात आले. हुकूम वाचला गेला तेव्हा तो सर्वांत जवळ उभा होता, एवढी त्याची पात्रता.

हुकूम सोपा होता: होडीत रोज चाळीस घागरी पाणी घालावे, ती सुकल्यास रखवालदारास काढून टाकावे. गावाला पाणी म्हणजे कोसभर लांब नदीच्या वाळूत उकरलेला झिरा. तीन दिवस धुडकूच्या बायकोने, भुरीबाईने, चाळीस घागरी वाहिल्या. चौथ्या दिवशी घागर आपटून ती म्हणाली, "तू आनि तुन्ही होडी, दोन्ही सुकी जा! मी मन्हा मायेरले चालनू!"

धुडकू पाटलांकडे धावला. पितांबर पाटील विचारी गृहस्थ. गावाला विहीर मिळावी म्हणून त्यांनी केलेला अर्ज चौदा वर्षे कचेरीत होता. त्यावर 'नदी आहे' असा शेरा मारून झाला होता. पाटलांनी तोच अर्ज अक्षरशः उतरवून काढला, फक्त 'माणसे' होते तिथे 'होडी' लिहिले. 'होडी तहानेने व्याकूळ आहे' हे वाक्य तसेच राहिले.

अकराव्या दिवशी विहीर मंजूर झाली. (इथे गजराबाईने मान डोलावली.)

विहिरीला पाणीही गोड लागले. कडेला पाटी लागली: 'ही विहीर सरकारी होडीची आहे. माणसांनी पाणी भरू नये. होडी नष्ट झाल्यास विहीर बुजवावी.'

आता कायदा मोडणे खापरमाळच्या रक्तात नाही. विहिरीचे पाणी माणसांनी भरायचे नव्हते. ते कोणी भरले नाही. धुडकू रोज चाळीस घागरी होडीतच ओती. परंतु बैलगाडीच्या प्रवासात होडीला एकोणीस चिरा गेल्या होत्या, आणि होडीतून खाली पडणाऱ्या पाण्याविषयी पाटी काही बोलत नव्हती. गावात घरेही एकोणीसच होती. पंचांनी चिरा वाटून दिल्या.

तेव्हापासून होडीची निगा म्हणजे गळतीची निगा. धुडकू रोज पहाटे बाभळीच्या काट्याने एकूण एक चीर कोरून साफ करी. दरमहा कचेरीत कळवले जाई: 'गळती उत्तम स्थितीत आहे.' भिला नावाच्या गावकऱ्याच्या घरात भाऊ वेगळे झाले तेव्हा पंचांसमक्ष पटाशीने विसावी चीर पाडली. सोयरीक जमवताना मुलाची जमीन विचारण्याआधी लोक चीर विचारू लागले. भुरीबाईच्या वाट्याला सुकाणूजवळची, चांगली करंगळीएवढी चीर आली होती. माहेरचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

सात वर्षांनी मुंबईहून जहाजांचे तपासनीस आले. त्यांनी होडीला एक फेरी मारली, खाली ओळीने घागरी लावून बसलेल्या बायका पाहिल्या आणि म्हणाले, "होडी गळते आहे. मोडीत काढा."

होडी गेली की विहीर बुजणार, हे शेंबड्या पोरालाही पाठ होते. भुरीबाईने अर्ध्या भरलेल्या घागरीवरून धुडकूकडे पाहिले. धुडकू पुढे झाला.

"सायेब, होडीनं काम काय ऱ्हास?"

"पाणी बाहेर ठेवणे."

"मंग हाई दुसरं काय करस? सकाळले चाळीस घागरी मझार टाकस मी. सांजले एक थेंब ऱ्हात नही. समदं पानी भायेर!"

तपासनिसांनी होडीला आणखी एक फेरी मारली. मग त्यांनी लिहिले: 'होडी आपले काम चोख करीत आहे. समुद्रात नेण्यास योग्य.' (गजराबाईने पुन्हा मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली.)

जाता जाता त्यांनी विचारले, "पण विहीर शेजारी असताना या बायका होडीखाली का?" पाटलांनी एकवीस वर्षांचा जुना अर्ज पुढे केला. साहेबांनी तो वाचला, डोळे पुसले आणि तिथल्या तिथे, होडीच्या काठावर कागद ठेवून सही केली: 'माणसांनाही पाणी द्यावे.'

गजराबाईचा हात वर झाला.

"थांब आबा. होडी गाडीवर वनी, मानं. होडीले विहीर भेटनी, तेबी मानं. गळती होडी समुद्रमा धाडी, आम्ही काही बोलनूत का? पन मानसेस्ना अर्जवर सही? तेबी जागच्या जागे? इतलं खोटं बोलू नको, आबा. देव देखी ऱ्हायना."

आणि रिकामी घागर डोक्यावर घेऊन ती नदीकडे चालू लागली.