वामनभाऊंचा बिनखरखरीचा रेडिओ

संध्याकाळी सहाला न विचारता माझ्या घरात शिरून मोबाइलचा चार्जर उपटण्याचा अधिकार अख्ख्या कुरखेड्यात एकाच माणसाकडे आहे. आमचे शेजारी वामनभाऊ. चार्जर झाला की एलईडी बल्ब, आणि मग अंधारात बसलेल्या मलाच उपदेश. "मास्तर, तुमचा चार्जर लाइनीत लय कचरा सोडते. माह्या रेडिओत खरखर येते."

रेडिओ बाजारचा नव्हे. सर्किट स्वतः आखायचं, बोर्ड स्वतः सोल्डर करायचा, मग खरखरीला शिव्या द्यायच्या. सोळा बोर्ड नापास झाले. एवढी पोरं नापास करायची परवानगी सरकार मलाही देत नाही! अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणून त्यात मीठ, कोळसा आणि तांब्याची सळई पुरली. उन्हाळ्यात तुळस सुकली, पण त्या खड्ड्याला रोज बादलीभर पाणी मिळालं.

"मोबाइलवर रेडिओ ऐका ना," मी एकदा म्हणालो.

"नेटवर्क येते कधी इथी?" संवाद संपला.

परवा मात्र माझं डोकं फिरलं. चार्जर लावला आणि दाराला आतून कडी घातली. सहा वाजून गेले तरी कोणी आलं नाही. मग मलाच चैन पडेना. मी त्यांच्याकडे गेलो.

"राहू द्या चार्जर!" वामनभाऊ दारातच म्हणाले. "चूक माहीच होती. पावरची अन् रेडिओची जमीन, म्हंजे अर्थिंग, बोर्डावरच्या एकाच पट्टीतून आनली होती. वरात अन् म्हशी एकाच पांदणीतून काढल्यावानी! आता रस्ते अलग केले, एकाच कोपऱ्यात जोडले."

सतराव्या बोर्डातून एक बाई स्वच्छ तेलुगूत बोलत होती. समोर त्यांची बायको, राजम्माबाई, हातातली भाजी विसरून बसली होती.

"सिरोंच्याची हाय ना ती," वामनभाऊ हळूच म्हणाले. "तीस वर्षं झाली इथी येऊन. तिच्या भाषेत बोलाले कोनीच नाई. माह्या तोंडात ते बसत नाई. तिकडचं स्टेशन बारीक येते, खरखरीत बोल बुडून जाते."

त्या कडीची मला फार लाज वाटली.

इतक्यात रेडिओतली बाई काहीतरी बोलली आणि राजम्माबाई खळखळून हसल्या. मागोमाग वामनभाऊही हसले.

"काय म्हणाली हो ती?" मी विचारलं.

"मले काय मालूम?" ते डोळे पुसत म्हणाले. "ही हासली ना!"