पटावर दोन, हजर दोन

आमच्या कॉलनीत सकाळी आठला घड्याळ बघायची गरज पडत नाही. बरोबर आठच्या ठोक्याला शेजारच्या शमुवेल पाटोळेंच्या गॅलरीत ठण ठण ठण असे टोले पडतात आणि पाटोळेंची शाळा भरते. घंटा म्हणजे फौंड्रीच्या भंगारातून आणलेलं बिडाचं जाड चाक, गॅलरीच्या गजाला तारेनं टांगलेलं. शिपाई पाटोळे, शिक्षक पाटोळे, मुख्याध्यापकही पाटोळेच. विद्यार्थी दोन. थोरली रूथ आणि धाकटी एस्तेर, दोघी त्यांच्याच मुली.

दोघी निळा पिनाफोर, पांढरे मोजे, काळे बूट अशा गणवेशात बेडरूममधून निघतात आणि हॉलमध्ये येतात. शाळेचं अंतर बारा पावलं आहे. तेवढ्यातही एस्तेरला एकदा उशीर झाला, तेव्हा तिला दारात पाच मिनिटं उभं केलं होतं. मग हजेरी. "रूथ शमुवेल पाटोळे!" "हजर, सर." "एस्तेर शमुवेल पाटोळे!" "हजर, सर." हजेरी झाली की पाटोळे बाहेर येऊन दाराशेजारच्या छोट्या फळ्यावर खडूनं लिहितात, ‘पटावर दोन, हजर दोन’. अक्षर सुरेख. फौंड्रीत लागणारे लाकडी साचे करणारा हा माणूस. हाताला वळण आहे. दुपारी बारापर्यंत शाळा, त्यानंतर मागच्या शेडमध्ये रंधा.

मी चौतीस वर्षं एका हायस्कुलात क्लार्क होतो. शाळा म्हणजे काय, हे मास्तरांपेक्षा क्लार्कला जास्त कळतं. शाळा म्हणजे जनरल रजिस्टर, आवक-जावक, शिक्का आणि दाखला. त्यामुळे पाटोळेंनी मुलींना घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा पहिला हसणारा मीच. कॉलनीतही थट्टा झाली. कळंब्याला एक जेल आधीच हाय, दुसरं पाटोळेंनी काढलं, असं कोपऱ्यावरचा दूधवाला बोलला. पाटोळे चिडले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आले नि म्हणाले, "सलाम अण्णा. जनरल रजिस्टर कसं लिहित्यात तेवढं शिकवा की." मी गंमत म्हणून शिकवलं. ही माझी चूक. तेव्हापासून त्यांच्या शाळेचा मी बिनपगारी क्लार्क आहे.

लोकांना वाटायचं, हे धर्मापायी चाललंय. चर्चची माणसं, पोरींना वचनं पाठ करून घ्यायची असतील. वचनं होतीच, शुक्रवारी पाठांतर असायचं. पण गुरुवारी बाजारात भाजीवाल्यांकडे तोंडी हिशेबाचा तास असायचा आणि मंगळवारी शैक्षणिक सहल. सहल म्हणजे एका स्कूटरवर तिघं बसून कळंबा तलाव. तिथं पक्षी मोजायचे आणि वहीत लिहायचे. मी एकदा ती वही पाहिली. ‘बगळे अकरा, पैकी एक शंकास्पद.’

पाटोळेंचं एक पालुपद आहे. "हा विषय घरचा, तो विषय शाळंचा." एस्तेरला ताप आला की तिनं मुख्याध्यापकांच्या नावे रजेचा अर्ज लिहायचा. त्यावर वडील म्हणून पाटोळे सही करणार, मग चष्मा बदलून मुख्याध्यापक म्हणून ‘मंजूर’ लिहिणार. मी म्हणालो, "अहो, पोरगी तुमच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपलीय!" तर म्हणाले, "मांडी हा विषय घरचा, अण्णा. रजा हा विषय शाळंचा." प्रगतिपुस्तकात एस्तेरसमोर ‘वर्गात पहिली’ असं लिहून खाली प्रामाणिकपणे ‘व शेवटची’ असंही लिहिलेलं असायचं. वर्गात ती एकटीच, दुसरं काय लिहिणार?

दर शनिवारी पालकसभा. टेबलाच्या एका बाजूला पाटोळे, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी, साडी बदलून. एकदा मी दारातून ऐकली.

"तुमची धाकटी तासाला खिडकीतनं भाईर बघती. घरी जरा लक्ष द्या."

"तिच्या वडलांना सांगते," वहिनी म्हणाल्या.

"वडील काय करत्यात?"

"दिवसभर शाळा शाळा करत्यात. घरात लक्षच न्हाय त्यांचं."

मुख्याध्यापकांनी हे गंभीरपणे इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

वहिनींना एकाच नियमाचा राग होता. आठची घंटा झाली की त्यांनी हातातलं काम टाकून बाहेर यायचं आणि मुलींशेजारी पाच मिनिटं बसायचं. प्रार्थना व्हायची, मग त्या परत आत. नेमकं तेव्हाच गॅसवर दूध असायचं. "आजवर अख्खी म्हस उतू गेली असंल आमची," त्या माझ्या बायकोला सांगायच्या. दोनदा भांडण झालं, घंटा पाच मिनिटं पुढं-मागं करा म्हणून. पाटोळे बाकी सगळं ऐकायचे, हे एक ऐकलं नाही. मलाही तो शुद्ध आडमुठेपणा वाटायचा.

अशी वर्षं गेली. रूथ बाहेरून दहावीला बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. पाटोळेंनी कॉलनीभर पेढे वाटले. अकरावी-बारावीही घरीच करायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, पुस्तकंसुद्धा आणली होती. रूथचं मत विचारावं असं त्यांच्या डोक्यात आलं नसावं. पोरगी शांत, पण बापाची पोरगी. तिनं आईला हाताशी धरून गावातल्या एका कॉलेजच्या सायन्सच्या यादीत नाव आणलं. आता पक्क्या प्रवेशाला वडिलांची सही लागत होती, शनिवारी दुपारपर्यंत.

सोमवारी हजेरी झाल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, अर्ज द्यायचाय."

शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. वर डावीकडं ‘प्रति’, खाली उजवीकडं ‘आपली आज्ञाधारक’, समास सोडलेला. घरात बसून ‘बाबा, मला कॉलेजला जायचंय’ म्हणाली असती, तर ‘नाही’ म्हणून विषय मिटला असता. पण रीतसर आलेला अर्ज फेकायचा कसा? पाटोळेंनी आवक नंबर टाकला, तारीख घातली आणि "निर्णय कळवण्यात येईल" असं सांगून भूगोलाचा तास घेतला.

मंगळवारी सहल झाली. संध्याकाळी पाटोळे माझ्याकडे आले. "किती बगळे?" मी विचारलं.

"मोजले न्हाईत," ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "अण्णा, अर्ज किती दिवस पेंडिंग ठेवता येतो?"

"माझ्या अनुभवानं, साहेब रिटायर होईपर्यंत."

ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की प्रकरण जड आहे.

बुधवारी त्यांच्याकडे प्रार्थनासभा होती. चर्चमधली चार-पाच घरं येतात, शेजारी म्हणून आम्हा दोघांनाही चहाला बोलावतात. सगळे डोळे मिटून बसलेले. पाळकसाहेबांनी लहानांना प्रार्थना करायला सांगितलं. एस्तेरनं हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "हे प्रभू, ताईला कॉलेजला जाऊ दे. तिला रात्री रडू येतं. आणि बाबांच्या शाळेला दुसरी विद्यार्थिनी दे, कारण मला एकटीला सगळे प्रश्न विचारले तर मी मरून जाईन. आमेन."

"आमेन!" सगळे म्हणाले, आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज पाटोळेंचा. जन्माची सवय. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. समोर वहिनी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"म्हणालासा न्हवं आमेन?" वहिनी हळूच म्हणाल्या. "आता?"



शुक्रवारी दुपारी ते एक कोरा कागद घेऊन माझ्याकडे आले. दाखल्याचा नमुना त्यांनी स्वतः आखला होता, रेघा अशा की छापखान्यानं लाजावं. मी समजावलं, "पाटोळे, ह्याचा काही उपयोग नाही. परीक्षेला जिथनं बसली त्या शाळेचा दाखला तिच्याकडं आहे. कॉलेजला तोच चालतो. तुमची नुसती सही पायजे."

"कॉलेजला नको असंल. आमच्या शाळंच्या रेकॉर्डला पायजे. वर्तणूक चांगली, प्रगती उत्तम, इथंपर्यंत लिवलंय. पुढं कारणाचा रकाना हाय. काय लिवत्यात?"

"आम्ही आपलं ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहायचो. हजारो लिहिले असतील."

"पण पालकाची विनंती न्हाय की हो," ते म्हणाले. "पालकाचा विरोध हाय. खोटं कसं लिवू?"

मी हसायला लागलो आणि त्यांचा चेहरा बघून थांबलो. म्हटलं, "अहो, कॉलेज दोन मैलांवर आहे. पोरगी सायकलनं जाईल, दुपारी जेवायला घरी येईल. एवढं काय मनाला लावून घेताय?"

ते बराच वेळ कागदाच्या कडा सारख्या करत बसले. मग म्हणाले, "माझे वडील चर्चचे प्रचारक व्हते, अण्णा. शाहूवाडीकडं, ह्या वाडीवरनं त्या वाडीवर. मला पाच वर्षांचा असताना पत्र्याची पेटी दिली आन् होस्टेलात ठेवला. वडलांचं काय चुकलं न्हाय, तिकडं शाळाच नव्हती. महिन्यातनं एका रविवारी आई यायची. सकाळी चालत निघून, मग एसटीनं. पोचस्तोवर दोन वाजायचे. चारला घंटा व्हायची. घंटा झाली की आयांनी उठून जायचं. मी दर बारीला त्या घंटेकडंच बघत बसायचा. आई काय बोलायची, त्यातलं मला कायबी आठवत न्हाय बघा. घंटा तेवढी आठवती."



"म्हणून मी ठरवलं व्हतं," ते म्हणाले, "माझ्या पोरींच्या शाळंत घंटा झाली की आई आत येईल. एवढंच पायजे व्हतं मला. बाकीची शाळा त्याच्या भवतीनं झाली."

वहिनींचं उतू गेलेलं दूध मला आठवलं. चौतीस वर्षं शाळेत काढून, आणि दहा वर्षं ह्या माणसाची थट्टा करून, मला त्याच्या शाळेतलं काही म्हणता काही कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"हे वहिनींना माहीत आहे?"

"न्हाय. कशाला? दूध उतू गेलं तर गेलं."

मी त्याच संध्याकाळी माझ्या बायकोला सांगितलं. आमच्या बायकोला सांगितलेलं शेजारी किती वेळात पोचतं, ह्याचा मला अंदाज होता. म्हणूनच सांगितलं.

शनिवारी पालकसभा भरली, क्लार्क म्हणून मला बोलावणं होतं. वहिनी साडी बदलून समोर बसल्या होत्या. डोळे लाल होते. पाटोळेंनी चष्मा बदलला, प्रवेशाच्या कागदावर पालक म्हणून सही केली. पुन्हा चष्मा बदलला आणि दाखला रूथच्या हातात दिला. उभं राहून दिला. तिनं तो वाचला आणि तिथंच रडायला लागली. मी चष्मा कपाळावर सारून बघितलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ ह्या रकान्यात त्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘शाळा लहान पडली.’

हजारो दाखले लिहिले मी. असं कारण एकदाही लिहिलं नव्हतं.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी रूथ सकाळी सातलाच सायकलवरून गेली. पाटोळे फाटकापर्यंत गेले आणि ती वळणापलीकडं गेल्यावरही तिथंच उभे होते. आठला घंटा झाली, वहिनी बाहेर आल्या, एका मुलीची हजेरी झाली. दहाच्या सुमाराला मी पेपर घेऊन अंगणात बसलो, तेव्हा समोरच्या फळ्याकडं लक्ष गेलं. ‘पटावर दोन, हजर एक.’

चूक दिसली की क्लार्कला राहवत नाही. बारा वाजता शाळा सुटल्यावर मी हाक मारली, "पाटोळे, दाखला दिला की पटावरचं नाव कमी करायचं असतं. हा नियम आहे!"

"तो नियम शाळंचा, अण्णा," शेडमधून रंधा थांबवून ते म्हणाले. "फळा घरचा हाय."

दहा वर्षांत फळा घरचा असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. पण वाद घातला नाही.

दुपारी दीड वाजता मी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात ठण ठण ठण सुरू झालं. अवेळी. मी उठून खिडकीशी गेलो. गल्लीच्या तोंडाशी रूथची सायकल वळत होती आणि गॅलरीत पाटोळे अंगाला लाकडाचा भुसा लागलेल्या अवतारात हातोडीनं चाक बडवत होते. आतून शालिनीवहिनी पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आल्या आणि फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातून करपलेल्या भाकरीचा वास आमच्या घरापर्यंत आला. वहिनी काही म्हणाल्या नाहीत.

रूथनं सायकल लावली. पाटोळे खाली आले, खिशातला खडू काढला आणि फळ्यावरचा ‘एक’ बोटानं पुसला.