सुंदररावांची ऑगस्टमधली दिवाळी

काळाच्या पुढे चालणारी माणसं शतकातून एखादीच जन्माला येतात म्हणे. चेन्नईतल्या पेरुंगुडीत आमच्या मजल्यावर एक राहतात. सुंदरराव काळाच्या पुढे चालतात ते साधारण तीन महिने.

मला हे कळलं काही वर्षांपूर्वी, एका ऑगस्टच्या सकाळी. दार उघडलं तर कॉलरला शकुनाची हळद लावलेला नवाकोरा शर्ट घालून सुंदरराव उभे. “गंगास्नान आच्चा?” त्यांनी विचारलं. ‘गंगास्नान झालं का’ हा प्रश्न इथं फक्त दिवाळीच्या पहाटे विचारतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“मासिकवाल्यांना दिवाळीचा लेख आतांच हवा, सार,” ते म्हणाले. “न पाहिलेलें मी लिहीत नाहीं. म्हणून आज दिवाळी.”

राव तंजावरकडचे मराठी. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मासिकांसाठी लेख लिहायचा ऑनलाइन वर्ग लावला. तिथल्या बाईंनी शिकवलं : लेखकानं बाजूला उभं राहावं, रंग, वास, आवाज टिपावे. रावांनी हे इतकं मनावर घेतलं, की कुकरची वाफ भलतीकडूनच सुटली आणि त्यांच्या पत्नी पद्माबाई “अहो, गॅस बंद करा!” म्हणून ओरडल्या, तेव्हा हे बाजूला उभं राहून वाफेचा रंग टिपत होते.

“कोणता होता?” मी विचारलं.

“करडा. जरा जांभळा.”

अशा निष्ठेपुढे माणूस नमतोच. लेख मात्र सगळे साभार परत आले. एकदा छापून यावं, एवढीच रावांची इच्छा.

यंदाच्या ऑगस्टात चमत्कार झाला. एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला : घरातल्या दिवाळीवर लिहा, पान राखून ठेवतो, सोमवारी संध्याकाळपर्यंत द्या. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, पद्माबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं.

“ऑपरेशन होऊं दे, मग लिहितों,” राव म्हणाले.

“मग पान राहील होय? माझ्या नांवानें आळस नको,” पद्माबाई म्हणाल्या.

म्हणून रविवारी पहाटे गच्चीवर दिवाळी झाली. मलाही बोलावणं होतं. पद्माबाई नवी साडी नेसून खुर्चीत बसल्या. वॉचमन एकदा वर येऊन बघून गेला. त्याला सवय आहे.

“टिपा हो नीट,” पद्माबाई म्हणाल्या. “मी हंसतें.”

त्यांनी फुलबाजी पेटवली. राव दोन पावलं मागे सरले, खिशातलं पेन काढलं, आणि पुन्हा पुढे येऊन त्यांनी पद्माबाईंचा हात धरला. एक फुलबाजी संपली, दुसरी पेटवली. खोकं रिकामं होईपर्यंत हात काही सोडला नाही. पेन केव्हा खाली पडलं ते त्यांना कळलं नाही. मी उचलून ठेवलं.

सोमवारी संध्याकाळी विचारलं, “गेला लेख?”

“नाहीं, सार.” राव दवाखान्याची पिशवी भरत होते. “फुलबाजीचा रंग काय, आवाज कसा, कांहीं ठाऊक नाहीं. तिच्या हाताखेरीज मी कांहीं पाहिलेंच नाहीं. मग लिहूं काय?”

“हातावर लिहा.”

“तें कुणाला दाखवायचें नाहीं,” ते म्हणाले, आणि पिशवीची चेन ओढली.

ऑपरेशन नीट झालं. रावांसाठी राखलेल्या पानावर मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात आली.