रिंगलाइट फुलवर

"हलू नकोस! हनुवटी जरा वर. अजून. आता हस, पण दात दाखवू नकोस!"

दादरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हेमचंद्रराव बाह्या सरसावून उभे होते. स्टुलावर मुलगा यशोधन, त्याच्या मागे भिंतीला टाचलेली निळी चादर आणि समोर तीन पायांवर उभी केलेली गोल रिंगलाइट, तिच्या मधोमध मोबाइल. सुभद्राताई स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांवर पदर धरून हा सोहळा पाहत होत्या.

ही रिंगलाइट हेमचंद्ररावांच्या मनात भरली ती हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात. तिथे एक मुलगी मोबाइलसमोर उभी राहून साड्या विकत होती, आणि त्या गोल दिव्यात तिचा चेहरा असा काही उजळला होता की हेमचंद्ररावांना तिथल्या तिथे आपल्या मुलाचं लग्न जमलेलं दिसलं. यशोधन खरं तर लाखात एक, पण फोटोत मात्र दरवेळी नुकताच चोरीत सापडल्यासारखा दिसे. चार स्थळं नुसत्या फोटोवरून परत गेली होती. आता गिरगावातल्या सुमेधाचं स्थळ आलं होतं. पत्रिका जुळली होती, दोन्ही घरं पसंत होती, राहिला होता तो फक्त फोटो. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं हेमचंद्ररावांनी मनाशी अगदी पक्कं केलं होतं.

"बाबा, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. जरा डिम करा ना."

"डिम? अरे, फुलवर ठेवलीय तरी मला अंधार वाटतोय. थांब, अजून जवळ घेतो."

फोटो निघाला. चोर गायब झाला होता, चेहरा लख्ख उजळला होता. हेमचंद्ररावांना आनंद मावेना. त्यांनी तो लगेच मुलीच्या मामांना पाठवून दिला. वडिलांच्या माघारी सुमेधाचं सगळं राजाराममामाच बघत होते.

अर्ध्या तासात मामांचा फोन आला. "हेमचंद्रराव, मुलगा देखणा आहे हो. पण एक विचारू? त्याचं डोळ्यांचं काही ऑपरेशन वगैरे झालंय का?"

"छे हो! का?"

"दोन्ही बुबुळांत पांढरं कडं दिसतंय. मोतीबिंदू असेल तर आत्ताच सांगा बुवा. आमच्या नात्यात एकदा अशीच फसगत झालीय."

सुभद्राताईंनी फोटो मोठा करून बघितला. "अहो, खरंच की! बांगडीएवढं कडं आहे."

हेमचंद्ररावांनी मोबाइल नाकाला लावला. "मला तर काही दिसत नाही."

"रिंगलाइटचं रिफ्लेक्शन आहे ते," यशोधन म्हणाला. "सांगून टाका ना त्यांना सरळ."

"वा! म्हणजे ते म्हणणार, मुलगा मूळचा उजळ नाही, दिव्याखाली धरून उजळवलाय. त्यापेक्षा दुसरा काढू. बस स्टुलावर!"

यशोधन बिचारा पुन्हा बसला आणि पुन्हा हसला. यावेळी लाइट बाजूला सरकवली. फोटो गिरगावात पोचला आणि पाठोपाठ मामांचा आवाज आला, "सकाळी कडं गोल होतं, आता चंद्रकोर झालीय. हे दिवसातून किती वेळा बदलतं?"

हेमचंद्ररावांना घाम फुटला, पण उत्साह काही कमी झाला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालेल्या यशोधनला त्यांनी बुटांसकट स्टुलावर बसवलं. कडं मोडायचं तर लाइटवर पातळ कापड टाकायचं, हे त्यांनी एका व्हिडिओत पाहून ठेवलं होतं. सुभद्राताई भाजीला गेल्या होत्या. हेमचंद्ररावांनी कपाट उघडलं, हाताला लागलेली ओढणी लाइटवर पसरली, फोटो काढला आणि कुणाला न दाखवताच पाठवूनही दिला.

या खेपेला मामांचा आवाज हळवा झाला होता. "डोळ्यांचं राहू द्या हो. आधी सांगा, मुलाला कावीळ कधी झाली?"

सुभद्राताई पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा लाइटवर त्यांची हळदी रंगाची ओढणी पसरलेली होती.

"अहो, ही पिवळीजर्द ओढणी कशाला टाकलीत?"

"पिवळी? पांढरी नव्हती का ती?"

त्यावर सुभद्राताई जे बोलल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी राजाराममामा सुमेधाला घेऊन थेट दादरला हजर झाले. मुलीने मुलाकडे असं आधी येणं म्हणजे रीत सोडून, पण मामांना पेशंट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. सुमेधा चादर, स्टूल आणि कोपऱ्यातली रिंगलाइट बघून ओठ दाबून हसत होती. पोह्यांची बशी हातात घेऊन मामा सहज आल्यासारखे यशोधनला खिडकीशी घेऊन गेले.

"समोर दुकानं छान आहेत हो तुमच्याकडे. त्या हिरव्या पाटीवर काय लिहिलंय?"

यशोधनने पाटी वाचली, खालचा पत्ता वाचला, कोपऱ्यातला बारीक फोन नंबरसुद्धा घडाघडा वाचला. मामांनी त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. कडं नाही, कोर नाही, पिवळेपणाचा मागमूस नाही. मामांचा चेहरा खुलला.

आणि हेमचंद्ररावांना स्फुरण चढलं! दोन दिवसांचा अपमान धुऊन काढायची संधी समोर आली होती.

"अहो, आमच्या घराण्याची नजरच तशी आहे! मी सांगतो, तिच्या शेजारच्या लाल पाटीवर काय आहे. श्रीसमर्थ ड्रायक्लीनर्स! एका दिवसात धुलाई!"

यशोधनने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे पाहिलं.

"बाबा," यशोधन हळूच म्हणाला, "ड्रायक्लीनर्स बंद होऊन दोन वर्षं झाली. तिथे आता केकचं दुकान आहे. आणि पाटी निळी आहे."

सुमेधा जवळ आली. "काका, रिंगलाइट कितीवर ठेवली होती?"

"फुलवर."

"आणि तरी अंधार वाटत होता?"

"हो ना! मला वाटलं, लाइटच हलकी निघाली."

"लाइट चांगली आहे काका," ती त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली. "मामांना मोतीबिंदूचा संशय आला तोही बरोबरच होता. फक्त माणूस चुकला."

हेमचंद्रराव खुर्चीत बसले. स्थळ गेलं, हेच त्यांच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्यामुळे पोराचं..." एवढंच ते बोलू शकले.

"गेलं कुठे?" सुमेधा म्हणाली. तिने मोबाइलवर तिन्ही फोटो उघडून त्यांच्यासमोर धरले. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं ही रिंगलाइट आहे म्हणून. मामांना सांगितलंही, पण ते ऐकतायत कुठे! मला वाटलं, एका फोटोनंतर हा मुलगा वैतागेल. पण हा तिन्ही फोटोंत तितकंच हसतोय. वडिलांसाठी न कुरकुरता तीनदा स्टुलावर बसणारा माणूस मला बघायचा होता."

यशोधन लाजला, आणि लाजलेला यशोधन कुठल्याही दिव्याशिवाय फारच चांगला दिसतो, हे मामांनीही मान्य केलं.

आधी ऑपरेशन, मग साखरपुडा, असं ठरलं. दोन्ही डोळे झाल्यावर महिन्याभराने हेमचंद्रराव आरामात पाय पसरून मोबाइलमधले जुने फोटो बघत बसले होते. एकदम ते ताडकन उठले.

"अगं सुभद्रा! इकडे ये लवकर! मुलीकडच्यांना काही बोलू नकोस, पण यशोधनच्या डोळ्यांत कसलं तरी पांढरं कडं आहे!"