शिव्यांचा बाजारभाव

आमचे शेजारी गुलाबराव मिस्त्री बैलाला ऑस्ट्रेलियन शिवी देत, बॉयलरला इंग्लिश, आणि मला दोन्हींचं मिश्रण.

अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा बॉयलर त्यांच्या ताब्यात होता. उंची बेताची, अंग बेताचं, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी ते शिकले थेट साहेबांच्या तोंडून, आणि तेही यंत्र बंद पडलेलं असताना. त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत क्रियापदं थोडी आणि फोडणी फार.

मी साताऱ्याकडचा. त्याच गावात कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. आमच्या दोन बिऱ्हाडांत एकच भिंत. सकाळी भिंतीच्या अलीकडे मी वर्गात शिकवायची इंग्रजी कविता घोकत असे, पलीकडे गुलाबराव न पेटणाऱ्या स्टोव्हशी इंग्रजीत बोलत असत. माझी बायको म्हणायची, "त्यांचं निदान कळतं तरी, काय म्हणतायत ते."

गुलाबरावांचा पहिला साहेब ऑस्ट्रेलियन इंजिनिअर होता. खूश झाला की "ब्लडी गुड!" आणि फारच खूश झाला की गुलाबरावांच्या खांद्यावर हात टाकून "कम हिअर, यू ओल्ड बास्टर्ड!" गुलाबरावांनी हे सांगितलं, तेव्हा हा शब्द ऐकून मी दचकलो. त्याचा अर्थ त्यांना सांगावा की नाही, या विचारात पडलो.

"मतलब माईत हाये मले," गुलाबराव म्हणाले. "पन त्यायच्या मुलखात जवळच्यालेच म्हनते थे. लांबच्याले मिस्टर म्हनते. माह्या बापानं मले कधी इतक्या पिरमानं हाक नाई मारली, परफेसर."

तो साहेब मायदेशी परत गेला, तेव्हा निघताना त्यानं आधी बॉयलरवर थाप मारली, मग गुलाबरावांच्या पाठीवर, आणि दोघांना तो एकच शब्द वापरला. हे सांगताना गुलाबराव दर वेळी मिशांवरून हात फिरवत.

नंतर इंग्लंडचा मॅनेजर आला, मडमेसह. पहिल्याच सकाळी मडम साहेबासोबत बंगल्याच्या बागेत उभी होती. गुलाबरावांनी टोपी काढली आणि मनापासून म्हणाले, "ब्लडी ब्यूटिफुल रोझेस, मॅडम!"

साहेबाची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. त्या दिवसापासून गुलाबरावांना बंगल्याची पायरी बंद झाली. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"काय चुकलं माहं? फुलं चांगलीच होती."

"फुलं नाही हो, तो शब्द. इंग्लंडात बायकांसमोर नाही चालत."

"अन् ऑस्ट्रेलियात त्यायच्या माय-बहिनीच चहाच्या टायमाले म्हनते!" मग स्वतःच म्हणाले, "समजलं. मोर्शीत संत्रं पायाखाली येते, अन् मुंबईत हाती येत नाई. माल थोच, बाजार अलग."

तेव्हापासून त्यांना भाव काढायचा नादच लागला. मॅनेजर काय बोलतो आणि त्यावर मडमेचा चेहरा कसा होतो, हे ते कुंपणाबाहेरून बघत. नळ फुटला की साहेब "डॅम" म्हणतो आणि मडम विणकामातून मान वर काढत नाही, हा शोध त्यांनी मला धावत येऊन सांगितला. "डॅम हल्का माल हाये, परफेसर. जनान्यात चालते."

मला हसायचा काही अधिकार नव्हता. अकोल्यात पाऊल ठेवलं त्या दिवशी, स्टेशनबाहेर, मी टाय लावून उभा असताना टांगेवाला म्हणाला होता, "कुठी जातं बे?" मी संतापून सामानासकट पायी निघालो. गुलाबरावांची माझी ओळख तिथलीच. ते मागून आले, माझी वळकटी काढून घेतली आणि म्हणाले, "काहून चिडता? 'बे' म्हनला, म्हंजे तुमाले आपल्यात घेतलं त्यानं." मी मात्र सगळा रस्ताभर त्यांना 'आपण' म्हणत राहिलो. ते त्यांना फारच लागलं, असं पुढं कळलं.

गुलाबरावांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची मुलगी कुसुम. आई केव्हाच गेलेली. पोरगी बापासारखी बोलकी नव्हती, पण जे बोलेल ते पक्कं. मॅट्रिक झाली आणि म्हणाली, नर्स होणार. अमरावतीला मिशनचा एक दवाखाना होता, तिथं मुलींना शिकवत. जागा थोड्या. मुलगी निवडायच्या आधी मेट्रनबाई बापाला समोर बसवून बोलत, आणि त्यांच्या मनात भरलं तरच घेत. पुन्हा पुढच्या वर्षी यायची सोय नव्हती. कुसुमच्या मामानं तोवर स्थळं काढायला सुरुवात केली होती.

"बाबा, तिथं इंग्रजी बोलू नका," कुसुमनं बजावलं.

"काहून?"

"नका बोलू म्हंजे नका बोलू. काका बोलतीन."

काका म्हणजे मी. गुलाबरावांनी मान डोलावली, पण मला कोपऱ्यात घेऊन विचारलंच, "मेट्रन कुठली?"

"अमेरिकन. नुकतीच आलीय."

त्यांचा चेहरा उतरला. अमेरिकेचा बाजार त्यांनी पाहिलेला नव्हता. मी शब्दकोश उघडला. कोशात 'ब्लडी' आणि 'डॅम' या दोन्ही शब्दांपुढं 'असभ्य' एवढंच होतं; कुठं किती असभ्य, याबद्दल कोशकार गप्प.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला पोचलो. मेट्रनबाई उंच, करड्या केसांच्या, गळ्यात लहानसा क्रूस. त्यांनी माझ्याकडं न बघता थेट गुलाबरावांना हळू, सोप्या इंग्रजीत विचारलं, "तुमची मुलगी कशी आहे?"

आता स्वतःच्या मुलीबद्दल कुणी असं विचारल्यावर कोणता बाप दुभाष्याची वाट बघेल? गुलाबराव ताठ झाले. ब्लडी टाळायचं, एवढं त्यांनी नक्की ठरवलेलं होतं.

"मॅडम! डॅम गुड गर्ल! डॅम क्लीन! डॅम ऑनेस्ट!"

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. कुसुमनं डोळे मिटले. बाई सावकाश म्हणाल्या की, या शब्दाचा अर्थ देवानं एखाद्याला कायमचं नरकात टाकणं असा होतो, आणि या छपराखाली तो कुणी उच्चारत नाही.

"ओ! ब्लडी सॉरी, मॅडम! ब्लडी सॉरी!"

याचं बाईंना काहीच वाटलं नाही. पापणीसुद्धा हलली नाही. अमेरिकेत त्या मालाला गिऱ्हाईकच नसावं. पण 'डॅम'नं व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या उठल्या, नमस्कारासाठी हात जोडले आणि मला म्हणाल्या की, घरचं वळण त्या फार बघतात, यंदा आणखी पुष्कळ मुली आहेत.

कुसुम उठून उभी राहिली. रडली नाही. पिशवी उचलली फक्त.

गुलाबराव खुर्चीतच होते. "परफेसर," ते म्हणाले, "आता मी आपल्या भाषेत बोलतो. तुमी सांगा तिले."

मी बाईंना थांबायची विनंती केली.

"इची माय बाळंतपनात गेली. हंगाम होता. बॉयलर पेटेल असला म्हंजे सोडून येता येत नाई. घरी शेजारच्या बाया होत्या, भल्या बाया, पन कोनालेच काई समजे ना. मी आलो तवा हे एवढीशी पोट्टी रडून राहिली होती, अन् माय तिची गप. समजनारी एक बाई असती त... दुसऱ्या कोनाच्या घरी असो थे. एवढंच म्हनाचं होतं. माहं तोंड खराब हाये, पोरीचं नाई."

आयुष्यभर इंग्रजी शिकवून मी जी काही मोजकी वाक्यं धड बोललो असेन, ती त्या दिवशीची. मेट्रनबाई परत बसल्या. कुसुमकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग तिला विचारलं, राहायला कधी येशील.

"आजच," कुसुम म्हणाली. पिशवीत तिनं कपडे आणलेलेच होते.

गुलाबरावांनी त्या पिशवीकडं पाहिलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

तुम्हाला काही विचारायचं आहे का, असं बाईंनी त्यांना विचारलं. जेवण, सुट्टी, असलं काहीतरी विचारतील म्हणून मी तयार होतो.

"इचारा," ते म्हणाले, "इथं पोरींवर रागावते कोन?"

बाई जरा अभिमानानं म्हणाल्या, इथं कुणी कुणाला वेडंवाकडं बोलत नाही.

हे मी सांगितल्यावर गुलाबराव गडबडले. "कोनीच नाई?"

"नाही."

"मंग इले घरच्यावानी कसं वाटन?"

"बाबा, चला ना आता," कुसुम म्हणाली.

मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी हातातला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, "घरी ते तिला काय म्हणतात?"

"बह्याड," गुलाबराव अगदी हळू म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "त्यात देवाचं नाव आहे?"

"नाही."

"नरकाचं?"

"नाही. खुळी, एवढाच अर्थ."

त्यांनी जरा विचार केला आणि कुसुमकडं वळून, वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात तो शब्द म्हटला. कुसुमला हसू फुटलं, आणि लगेच तिनं पदर तोंडावर घेतला.

"नाई मॅडम, नाई," गुलाबराव खुर्चीतून अर्धे उठले. "असं जोरानं नाई. सकाळी उठत नसली, त डोक्यावर हात ठेवून म्हनाचं. हळू. हे असं..."

आणि ते तो शब्द म्हणाले. बाईंना शिकवायचा होता, पण बघत होते ते कुसुमकडं.